स्पॅनिशभाषक ज्येष्ठांना कमी ऐकू येण्याबद्दल शिकवायचंय: पत्रक, एक बैठक की पाच आठवड्यांचा वर्ग?

अमेरिकेतल्या आरोग्य केंद्रात किंवा ज्येष्ठांच्या केंद्रात तुम्ही काम करत असाल, येणारे बरेचसे आजी-आजोबा स्पॅनिश बोलणारे असतील आणि निधी थोडाच असेल, तर तो कुठे घालायचा हा प्रश्न येतोच. आमचं मत आधीच सांगतो: मनुष्यबळ असेल तर वर्ग, नसेल तर ऐकण्याच्या यंत्रासह एक बैठक. नुसत्या पत्रकावर थांबू नका.

प्रश्न किती मोठा आहे ते पाहा. ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो इथल्या लॅटिनो लोकांच्या मोठ्या आरोग्य-पाहणीत, कमी ऐकू येणाऱ्या ४५ वर्षांवरच्या लोकांपैकी श्रवणयंत्र वापरणारे शंभरात पाचही निघाले नाहीत. ज्यांना ऐकण्याची अडचण स्वतःला जाणवत होती आणि ज्यांच्याकडे विमा होता, त्यांच्यात वापर जास्त होता. म्हणजे शिकवण्याचं पहिलं काम अडचण जाणवून देणं हे आहे आणि दुसरं, पुढची वाट दाखवणं.

पत्रक सगळ्यात स्वस्त. श्रवणविकारांवर काम करणाऱ्या अमेरिकेच्या राष्ट्रीय संस्थेची (NIDCD) स्पॅनिश पत्रकं मोफत मिळतात. पण इंग्रजीवरून उतरवलेल्या मजकुरात उदाहरणंही इंग्रजी आवाजांचीच राहून जातात. स्पॅनिशमध्ये अनेकवचन शेवटच्या ‘स’वर कळतं, आणि वयानुसार सगळ्यात आधी हरवतात ते असे उंच पट्टीचे आवाज. मेक्सिकोतून आलेल्या आजींना हे उदाहरण लगेच पटतं. क्यूबा किंवा डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या बोलण्यात मात्र तो ‘स’ मुळातच गळतो. तिथे ‘फ’ किंवा ‘च’ घ्या. पत्रक वापरायचंच असेल तर सोबत ऐकण्याच्या अडचणी तपासणारी, ज्येष्ठांसाठीची दहा प्रश्नांची प्रश्नावली (HHIE-S) स्पॅनिशमध्ये, समोर बसून, वाचून विचारा. ‘हो’ला ४, ‘कधी कधी’ला २, ‘नाही’ला ०. बेरीज ८ च्या वर गेली की तपासणीला पाठवा. शेजारी बसलेल्या मुलीला उत्तरं देऊ देऊ नका.

एका बैठकीच्या पद्धतीचा चांगला नमुना बाल्टिमोरचा. जॉन्स हॉपकिन्सच्या ‘हिअर्स’ कार्यक्रमात प्रशिक्षित आरोग्य कार्यकर्ते सुमारे दोन तास बसून कानाला लावायचे स्वस्त ध्वनिवर्धक बसवून देतात, वापर शिकवतात आणि संवादाच्या सवयी समजावतात. १५१ जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले: तीन महिन्यांनी, अजून प्रतीक्षायादीत असलेल्या लोकांपेक्षा यांना संवाद सोपा झाल्याचं जाणवत होतं. मात्र तो कार्यक्रम स्पॅनिशमधला नव्हता, त्यामुळे तुम्हाला साहित्य नव्याने बांधावं लागेल.

या पद्धतीचं बळ म्हणजे यंत्र हातात येतं. तिची दुखरी बाजू म्हणजे घरी गेल्यावर ते बंद पडतं, आणि मग डबीत जातं. बहुतेक वेळा कारण किरकोळ असतं: कानातला मळ अडवणारी यंत्राची जाळी तुंबलेली, कानातलं टोक नीट न बसल्यामुळे शिट्टी, किंवा झिंक-एअर (हवेने चालू होणाऱ्या) बॅटरीचा स्टिकर काढून ती हवेत मिनिटभर न ठेवता लगेच आत घातलेली. म्हणून बैठकीतच त्यांच्याकडून यंत्र लावून, काढून, पुसून घ्या, ‘समजलं का?’ विचारून भागत नाही, ‘मला करून दाखवा’ म्हणा. आठवड्याने फोन करा. सुरुवातीला यंत्र रोज एक-दोन तास लावायचं, शांत घरात, एका माणसाशी बोलताना, बाजारहाट नंतर.

वर्गासाठी पाहा नोगालेस, मेक्सिकोच्या सीमेवरचं अ‍ॅरिझोनातलं गाव. अ‍ॅरिझोना विद्यापीठ आणि मारिपोसा आरोग्य केंद्र यांनी मिळून उभ्या केलेल्या ‘ओयेंदो बिएन’ या वर्गात त्याच वस्तीतल्या प्रोमोतोरा, म्हणजे आपल्या आशाताईंसारख्या कार्यकर्त्या, पाच आठवडे स्पॅनिशमध्ये गट चालवतात, घरची माणसंही सोबत बसतात. आम्हाला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. कारण दुसऱ्या खोलीतून हाक मारायची नाही, आधी नाव घ्यायचं, चेहरा उजेडात ठेवायचा, न कळलेलं वाक्य ओरडून न सांगता वेगळ्या शब्दांत सांगायचं, हे सगळं ऐकणाऱ्याने नव्हे, बोलणाऱ्याने शिकायचं आहे. अमेरिकेत मुलांकडे राहणाऱ्या मराठी आई-वडिलांच्या घरीही नेमकी हीच गरज असते.

असा गट घ्यायचा तर आठ-दहा जण, खुर्च्या अर्धवर्तुळात, एसीचा घरघराट बंद, बोलणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी नसलेली जागा आणि माइक. येण्या-जाण्याची सोय केली नाही, तर तिसऱ्या आठवड्यापासून गळती लागते.

कुठलीही पद्धत निवडा, पुढची वाट आधी पक्की करा. ज्या ऑडिओलॉजिस्टकडे (श्रवणतज्ज्ञाकडे) पाठवणार, त्यांच्याकडे स्पॅनिश शब्दांची चाचणी आहे का हे फोन करून विचारा. इंग्रजी शब्द ऐकवून घेतलेल्या चाचणीत कानापेक्षा इंग्रजीच जास्त मोजलं जातं. दुभाषी मोफत मागता येतो, नातवाला त्या कामाला बसवू नका. मूळ मेडिकेअर (ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) श्रवणयंत्राचे पैसे देत नाही, मेडिकेडचे (कमी उत्पन्नाच्या लोकांच्या सरकारी विम्याचे) नियम राज्यागणिक बदलतात. १७ ऑक्टोबर २०२२ पासून प्रौढांना सौम्य ते मध्यम त्रासासाठी चिठ्ठीशिवाय यंत्र विकत घेता येतं, पण त्यांपैकी अनेकांना स्मार्टफोन लागतो. आजोबांकडे तो आहे का ते पाहा, आणि परतीची मुदत खोक्यावर वाचून घ्या.

एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, कान वाहतोय किंवा चक्कर येतेय, असं कोणी सांगितलं तर वर्ग, बैठक सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा. अचानक गेलेल्या श्रवणावर उपचार जितके लवकर, तितकी ते परत येण्याची आशा जास्त.