तळपायावरचा काळा डाग: कॉस्मेटिक क्लिनिक की त्वचारोगतज्ज्ञ?

कोथरूड असो की वाकड, तीळ काढायचा म्हटलं की स्किन क्लिनिकमध्ये त्याच संध्याकाळची वेळ मिळते. त्वचारोगतज्ज्ञाकडे मात्र थांबावं लागतं, आणि ससूनच्या ओपीडीला जायचं तर सकाळ मोकळी ठेवावी लागते. वांग, मुरमांचे डाग यांसाठी जवळचं क्लिनिक बहुधा पुरतं. प्रश्न आहे तो वाढणाऱ्या किंवा रंग बदलणाऱ्या डागाचा.

आपल्याकडे मेलानोमा, म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर, विरळाच. पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली, म्हणजे उन्हाशी फारसा संबंध नसलेल्या जागी. तिथे तो कुरूप किंवा ठेच लागून साकळलेलं रक्त म्हणून खपून जातो. तज्ज्ञ तपासताना मोजे काढायला लावतात, बोटांच्या बेचक्या बघतात, नखावरची काळी रेघ कडेच्या कातडीवर उतरली आहे का तेही पाहतात. जुन्या भाजल्याच्या व्रणावरची न भरणारी जखम आणि कंबरेला नाडी काचते तिथला चट्टाही ते विचारतात. धोतराच्या गाठीखाली होणाऱ्या कॅन्सरची नोंद डॉ. खानोलकरांनी 1945 मध्येच केली होती.

डर्माटोस्कोप, म्हणजे साधारण दहापट मोठं दाखवणारं दिव्याचं भिंग, आता क्लिनिकमध्येही असतो. पण त्यातून दिसलेलं वाचता आलं पाहिजे. तळव्याच्या कातडीवर बारीक वरंबे आणि सऱ्या असतात. साध्या तिळाचा रंग बहुतेक वेळा सऱ्यांत असतो, तर मेलानोमाचा वरंब्यांवर. घामाच्या छिद्रांचे पांढरे ठिपके वरंब्यावर ओळीने दिसतात, त्यावरून फरक कळतो. तरीही घोटाळा वाटला तर डागावर शाई लावून पुसतात, ती सऱ्यांत उरते. फोनवरच्या ॲपला किंवा घाईच्या नजरेला हे जमेल असं मला तरी वाटत नाही.

माझा कौल मात्र ठरला तो वेगळ्याच गोष्टीने. काही ठिकाणी तीळ कॉटरीने (विजेच्या चटक्याने) किंवा लेसरने पाच मिनिटांत जाळून टाकतात आणि लॅबला काहीच जात नाही. डाग साधा असेल तर प्रश्न नाही. नसेल, तर निदानाचा पुरावाच जळून गेलेला असतो. मेलानोमात सगळा हिशेब खोलीचा असतो: 1 मिमीपर्यंत जाडी असेल तर साधारण 1 सेंमी कडेची कातडी काढतात, 2 मिमीच्या पुढे 2 सेंमी, आणि मधल्या जाडीला सर्जन ठरवतात. नुसता वरवर खरवडलेला तुकडाही बऱ्याचदा ही खोली सांगू शकत नाही. म्हणून संशय असेल तर तज्ज्ञ शक्यतो संपूर्ण डाग 1 ते 3 मिमी कडेसह काढतात आणि फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पाठवतात. नखाखाली किंवा फार मोठ्या डागात तुकडा घ्यावा लागतो, पण तो कुठून घ्यायचा हेही डर्माटोस्कोपच ठरवतो.

क्लिनिकमध्येही पात्र डॉक्टर असतात, हे सांगायला हवं. फलकापेक्षा पदवी बघा: त्वचारोगातली एमडी, डीएनबी किंवा डीडीव्ही. नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येते. फॅमिली डॉक्टरांना आधी दाखवायलाही हरकत नाही, चिठ्ठी असली की पुढचं काम सोपं होतं. पण त्यांनी मलम देऊन महिनाभर थांबायला सांगितलं आणि डाग तसाच राहिला किंवा वाढला, तर दुसरं मलम घेऊ नका.

जाण्याआधी नेलपॉलिश काढा. मेंदी लावली असेल तर ती फिकी होऊ द्या, पण डागातून रक्त येत असेल तर तेवढंही थांबू नका. शेजारी फूटपट्टी ठेवून त्याच उजेडात काढलेले दोन-तीन तारखांचे फोटो सोबत न्या. आणि काढायचं ठरलं तर सुई टोचण्याआधी विचारा, "तुकडा लॅबला जाणार ना?" उत्तर "गरज नाही" असं आलं, तर कारण विचारा. कारण पटलं नाही, तर डाग तसाच घेऊन दुसरीकडे दाखवा.