मुराकामीची फुलं: छातीपुरती की अंगभर?

जपानी चित्रकार ताकाशी मुराकामीची हसरी फुलं असलेला टी-शर्ट घ्यायचा म्हटलं की दोन प्रकार समोर येतात: सुती कापडावर छातीपुरता स्क्रीन प्रिंट (जाळीच्या स्क्रीनमधून शाई दाबून), नाहीतर पॉलिएस्टरवर सब्लिमेशनने (कागदावरची शाई उष्णतेने कापडात उतरवून) केलेली अंगभर छपाई. माल अस्सल आहे का, हा प्रश्न वेगळा. लेबलवर त्याच्या काइकाइ किकी कंपनीची कॉपीराइट ओळ असावी (नक्कलवालेही ती छापतात म्हणा).

पाहताक्षणी अंगभर छपाईच भाव खाते. त्याच्या कॅनव्हासवरही फुलं कडेपर्यंत दाटीवाटीने असतात. शिवाय शाई धाग्यातच मुरते, त्यामुळे हाताला थर लागत नाही आणि तडे जात नाहीत.

माझं घोडं अडतं ते काखेत. शिवून तयार झालेला टी-शर्ट साधारण 200 अंशांच्या प्रेसखाली दाबतात. काखेत आणि बाहीच्या जोडावर कापडाला चुण्या पडतात, घडीच्या आत कागद टेकत नाही आणि तेवढी जागा कोरी राहते. हात खाली असेपर्यंत काही कळत नाही. हात वर केला, की पांढऱ्या चिरा उघड्या. यायोई कुसामा या जपानी चित्रकर्तीच्या ठिपक्यांत एखादी चीर कदाचित खपून जाईल, पण इथे प्रत्येक फुलाला चेहरा आहे आणि चीर नेमकी हसण्यावरून जाते. कितीही धुवा, ती भरून येत नाही. घेण्याआधी बाजूची शिवण दोन्हीकडून ताणून बघा. टाक्यांच्या आत पांढरं दिसलं तर छपाई शिवल्यानंतरची. आधी छापून मग बेतलेल्या कापडात चिरा नसतात, पण शिवणीवर अर्धं फूल इकडे नि अर्धं तिकडे, आणि दोन्ही अर्धी क्वचितच जुळतात.

स्क्रीन प्रिंटही निर्दोष नाही. प्रत्येक रंगाची स्क्रीन वेगळी. एखादी जरा सरकली, की पाकळी आणि बाह्यरेषा यांच्यात फट दिसते. गडद टी-शर्टवर रंगांखाली पांढरा थर द्यावा लागतो, म्हणून छपाई जाड होते आणि छातीवर घाम अडतो. प्लास्टिसॉल (प्लास्टिकयुक्त) शाई नीट भाजली गेली नसेल तर काही धुण्यांतच तडे. पण सपाट रंग आणि ठाम रेषा हे स्क्रीनचंच काम, आणि मुराकामीच्या स्टुडिओत चित्रंही स्क्रीन वापरून होतात. पांढरा टी-शर्ट आणि वॉटर-बेस्ड शाई मिळाली तर मला दुसरं काही नको. धुताना उलटा करायचा, पाणी थंड, छपाईवर थेट इस्त्री नाही.

व्यायामाला घालायचा असेल तर अंगभरचा घ्यायला हरकत नाही, तो लवकर वाळतो. स्क्रीन प्रिंट घेताना माप मात्र अंगावर घालूनच ठरवा. बहुतेकदा सगळ्या मापांना एकच स्क्रीन वापरतात, त्यामुळे लहान मापात फुलं काखेपर्यंत पोचतात आणि मोठ्यात छातीच्या मधोमध आक्रसून बसतात.