लंडनला ‘बॅक टू द फ्यूचर’चं म्युझिकल पाहून आलो, नागपूरच्या नाटकवाल्यांसाठी लिहून राहिलो

आल्यापासून ग्रुपमधला जो भेटतो तो एकच विचारून राहिला, भाऊ ती टाइम मशीनवाली गाडी खरंच उडते का. हो, उडते. पण गाडीवर नंतर येतो, कारण गाडीपेक्षा जास्त महत्त्वाचं मला दुसरंच काही सापडलं आणि ते आपल्यासारख्या हौशी नाटक करणाऱ्यांच्या जास्त कामाचं आहे.

मी मे 2024 मध्ये लंडनला लेकीकडे गेलो होतो तेव्हा हे म्युझिकल, म्हणजे गाण्यानाचाचं नाटक, पाहिलं, स्ट्रँडवरच्या अ‍ॅडेल्फी थिएटरला. तिकीट तिनंच काढलं, आकडा सांगायला तयार नव्हती, मी हट्टानं काढून घेतला तर एका तिकिटाच्या पैशात आपल्या तालमीच्या हॉलचं महिन्याचं भाडं निघालं असतं. तरी सांगतो, पैसे वसूल आहेत. मध्यंतर धरून अडीच तासांच्या वर चालतं आणि जवळपास 1500 लोकांचं ते जुनं थिएटर भरलेलं होतं.

पिक्चर 1985 चा, रॉबर्ट झेमेकिसचा, बहुतेकांनी केबलवर कधी ना कधी पाहिलाच असेल. मी पहिल्यांदा पाहिला तो गांधीबागेतून व्हीसीआर भाड्यानं आणून, एका रात्रीत तीन कॅसेटी, पहाटे पहाटे हा लागला आणि सगळे झोपले होते, मी एकटा जागा. मार्टी नावाचं पोरगं डॉक ब्राउन नावाच्या शास्त्रज्ञानं बनवलेल्या टाइम मशीनच्या गाडीतून 1955 मध्ये जाऊन पडतं, तिथं त्याची आईच त्याच्यावर भाळते, आणि आता आईबाबांचं जुळवलं नाही तर हा स्वतःच जन्माला येणार नाही. एवढी घट्ट बांधलेली गोष्ट मी नाटकातही कमी पाहिली आहे. ती ज्यानं झेमेकिससोबत लिहिली त्या बॉब गेलनंच म्युझिकलची संहिता लिहिली, आणि पिक्चरचं संगीत करणारा अ‍ॅलन सिल्वेस्ट्री इथंही आहे, सोबत ग्लेन बॅलार्ड. घरचेच लोक असल्यामुळं गोष्टीला कुठंही नख लागलेलं नाही. मार्च 2020 मध्ये मँचेस्टरला उघडलं आणि आठवड्याच्या आत कोरोनामुळं बंद पडलं, मग 2021 ला लंडनला आलं, 2022 चं सर्वोत्तम नव्या म्युझिकलचं ऑलिव्हिए अवॉर्ड, म्हणजे लंडनच्या नाटकांचं मोठं बक्षीस, घेतलं. त्या बंद पडण्याचं मला जास्त लागलं, आपलीही एकांकिका तेव्हा तालमीतच राहिली होती.

आता मुद्दा. पिक्चरमध्ये क्लोजअप असतो. जॉर्ज, म्हणजे मार्टीचा बाप, भित्रा माणूस, त्याच्या मनात काय चाललं ते कॅमेरा त्याच्या चेहऱ्याजवळ गेला की कळते. स्टेजवर विसाव्या ओळीतल्या माणसाला चेहरा दिसतच नाही. मग तिथं काय ठेवायचं? गाणं. जॉर्ज झाडावर चढून लोरेनच्या, म्हणजे मार्टीच्या आईच्या, खिडकीकडं पाहून राहिला आहे आणि तिथं तो ‘माय मायोपिया’ म्हणतो, जवळचं दिसते लांबचं दिसत नाही अशा माणसाचं गाणं, आणि दोन मिनिटांत तो माणूस मला पिक्चरपेक्षा जास्त कळला. पिक्चरमध्ये मला त्याचं हसू यायचं, इथं कीव आली, मग माया आली. आपल्या संगीत नाटकात पद हेच करत होतं ना. गोष्ट थांबायची आणि माणूस उघडा व्हायचा. 1880 च्या ‘शाकुंतल’पासून आपल्याला हे माहीत आहे आणि झाडीपट्टीत तर आजही वडसा, गडचिरोली, चंद्रपूरकडच्या गावात लोक शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, दिवशी रात्रभर थंडीत बसून गाण्यासाठीच नाटक पाहतात. लंडनच्या त्या गुबगुबीत खुर्चीत बसून मला वारंवार तेच आठवून राहिलं होतं.

सगळ्यात जास्त भिडलं ते दुसऱ्या अंकातलं डॉकचं ‘फॉर द ड्रीमर्स’. ज्यांचे शोध लागलेच नाहीत, ज्यांचं नाव कुठं छापलं गेलं नाही, अशा खटपट्या लोकांसाठीचं गाणं. पिक्चरमधला डॉक केस पिंजारलेला, ओरडणारा, धावणारा, तो शांत बसलेला फारसा दिसत नाही. इथं सगळी रोषणाई मालवून एका स्पॉटमध्ये त्याला उभं केलं, बस. एवढ्या महागाच्या प्रोडक्शनमध्ये ज्या क्षणाला माझ्या डोळ्यात पाणी आलं त्याला एक स्पॉट आणि एक माणूस एवढंच लागलं, आणि मी पंचवीस वर्षं लाइट करणारा माणूस आहे म्हणून हे मला फार जाणवलं. लेक म्हणाली बाबा रडता का, म्हटलं हो.

पण सगळीकडं असं नाही. पहिल्या अंकात काही गाणी अशी आहेत की जे संवादात कळून गेलं तेच पुन्हा म्हणतात, विशेषतः सुरुवातीला मार्टीच्या घरची ओळख करून देताना. गोष्ट पुढं सरकत नाही, नाच होतो, लोक टाळ्या देतात, मला मात्र तिथं घड्याळ पहावंसं वाटलं. याच्या उलट गोल्डी विल्सनचं ‘गॉटा स्टार्ट समव्हेअर’. हॉटेलात झाडू मारणारा पोरगा, पुढं जाऊन मेयर होणार आहे हे आपल्याला माहीत आहे, त्याला माहीत नाही. पिक्चरमध्ये तो दोन वाक्यांत येऊन जातो, इथं त्याला पूर्ण गाणं दिलं आणि अख्खं थिएटर उठून बसलं. वाढवायचं तर असं वाढवायचं, जिथं पिक्चरनं घाईत पुढं पाऊल टाकलं होतं तिथं थांबून.

बदल थोडेच केले, ते शहाणपणाचे वाटले. पिक्चरमधले गोळ्या घालणारे लिबियन अतिरेकी काढले, इथं डॉकचा जीव धोक्यात येतो तो प्लुटोनियमच्या किरणोत्सर्गामुळं. मला हे पटलं, कारण यंत्र त्यानंच बनवलं आणि त्याच यंत्रानं तो मरायला टेकला, म्हणजे बाहेरून कोणी व्हिलन आणावा लागत नाही. डॉकचं कुत्रं पण काढलं, स्टेजवर कुत्रं सांभाळणं किती अवघड आहे ते आपण एकदा भोगलं आहे. पिक्चरमधली ‘द पॉवर ऑफ लव्ह’ आणि ‘जॉनी बी. गुड’ ही गाणी आहेतच, त्याशिवाय लोकांनी सोडलं नसतं.

आणि हो, डॉक गायला लागला की मागून नाचणाऱ्या पोरी कुठून तरी येतात, मार्टी विचारतो ह्या कोण, डॉक म्हणतो मी गायला लागलो की ह्या येतातच. लय हसलो. म्युझिकलमध्ये लोक अचानक गायला का लागतात हा जो प्रश्न आपल्याकडं नवीन पोरं दर वेळी विचारतात, त्याचं उत्तर त्यांनी एका वाक्यात देऊन टाकलं.

आता गाडी. डीलॉरियन, स्टेनलेस स्टीलची, पंखासारखी वर उघडणारी दारं, खरी गाडी उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टजवळ बनायची, 1981-82 च्या आसपास, साधारण नऊ हजारच बनल्या. काळ ओलांडायला गाडीला ताशी 88 मैलांचा वेग लागतो, स्टेजवरची गाडी तेवढी, म्हणजे ताशी 142 किलोमीटरच्या जवळपास जाते असं आपल्याला वाटते आणि खरं पाहिलं तर ती जागेवरच फिरून राहिली असते. समोर बारीक जाळीचा पडदा, मागं एलईडीची भिंत, दोन्हीवर रस्ता धावते, मधात गाडी वळते, वरून धूर आणि लाइटचा मार. मला युक्ती दिसत होती आणि तरी मी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. पिक्चरमध्ये खरी गाडी खऱ्या रस्त्यावर धावते, तिथं डोळ्याला काम नाही. इथं अर्धी गाडी आपण डोक्यात धावडवतो, म्हणून छातीत धडधडते.

घड्याळाच्या टॉवरचा सीन पण असाच. रात्री 10 वाजून 4 मिनिटांनी वीज पडणार, तीच पकडून गाडीला 1985 मध्ये परत धाडायचं, 1.21 गिगावॅट. आपल्या हिशेबात सांगायचं तर कोराडीच्या वीज केंद्रातल्या 660 मेगावॅटच्या संचांपैकी दोन जवळपास पूर्ण जोरात चालले तरच एवढी वीज निघेल, आणि हे सगळं एका तारेतून गाडीत जाणार. डॉक पडद्यावरच्या जिन्यांवरून धावत वर जातो, खाली मार्टी गाडीत, दोघांमध्ये वारा आणि पाऊस. गोष्ट तोंडपाठ असून मी श्वास धरून बसलो होतो.

शेवटी गाडी उठते, प्रेक्षकांच्या डोक्यावर येते, तिथंच गर्रकन उलटी होते. शिट्ट्या, आरडाओरडा, माझ्या शेजारचे सत्तरीतले आजोबा उभे राहून टाळ्या वाजवून राहिले होते.

आपल्याला हे जमेल का, हे पण विचारलं गेलं. गाडी नाही जमणार, त्याचा नाद सोडा. पण 1960 च्या एका छोट्या बजेटच्या पिक्चरवरून 1982 ला ‘लिटल शॉप ऑफ हॉरर्स’ नावाचं म्युझिकल झालं, माणूस खाणारं झाड, आणि ते झाड म्हणजे बाहुली, आत बसून एक जण हलवतो आणि दुसरा आडून आवाज देतो. छोट्या थिएटरात सुरू झालं आणि वर्षानुवर्षं चाललं. आपल्या महाल भागातले गणपती-देखावेवाले हे झाड आठ दिवसांत बनवून देतील, मला खात्री आहे. सायन्स फिक्शन म्हटलं की आपली पोरं पहिलं प्रोजेक्टरचं भाडं विचारतात. पहिलं हे विचारा की या पिक्चरमध्ये कोणता माणूस गप्प आहे आणि त्याला गाणं दिलं तर तो काय म्हणेल. राज्य नाट्य स्पर्धेसाठी नवं काही करायचं तर मी लाइट फुकट करतो, पण संहितेत असा माणूस पाहिजे. आणि कोणाच्या पिक्चरवर करायचं असेल तर हक्क आधी घ्या, लेखी घ्या.

कुठं हे म्युझिकल लागलं आणि पाहायला जाणार असाल तर: इंग्रजी भरभर आहे, गाण्यांतले शब्द पहिल्या खेपेला निम्मे सुटतात, म्हणून आधी पिक्चर एकदा पाहून घ्या आणि गाण्यांचा अल्बम मोबाइलवर ऐकून जा. बाल्कनीची पहिली ओळ मिळाली तर तीच घ्या. आम्ही तिथंच होतो, गाडी थेट डोळ्यांसमोर आली, खालच्यांना तिचं पोट आधी दिसलं.