फिल्टर की बदललेला कॅमेरा? खानदेशच्या उन्हात जुन्या चर्चचे अवरक्त छायाचित्रण

अवरक्त, म्हणजेच इन्फ्रारेड, छायाचित्रण करू पाहणारे बहुतेक जण पहिला प्रश्न खर्चाचा विचारतात. हातात आहे त्याच कॅमेऱ्यावर ७२० नॅनोमीटरचा फिल्टर चढवून काम भागवावे, की कपाटात पडून असलेला जुना कॅमेरा उघडून कायमचा बदलून घ्यावा? मी आधी पहिला मार्ग धरला आणि नंतर दुसऱ्याकडे वळलो. दोन्ही वेळा समोर होते ते भुसावळ परिसरातील एक ब्रिटिशकालीन चर्च: काळ्या दगडाच्या भिंती, कडांना चुन्याचा गिलावा, वर कौले आणि अंगणात एक मोठा कडुनिंब. त्या अनुभवावरून सांगतो की खर्चापेक्षा प्रकाश किती वेळ स्थिर राहतो, हा प्रश्न आधी विचारावा.

आपल्या डोळ्याची धाव ७०० नॅनोमीटरच्या आसपास संपते. कॅमेऱ्यातील सिलिकॉनचा सेन्सर मात्र सुमारे ११०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश टिपू शकतो. तो तसाच टिपू दिला तर रोजच्या छायाचित्रातले रंग बिघडतील, म्हणून कंपन्या सेन्सरपुढे अवरक्त किरण अडवणारी एक काच बसवतात. आर-७२ सारखा, म्हणजे वर सांगितलेला ७२० नॅनोमीटरचा, फिल्टर लावला की दृश्य प्रकाश बाहेर अडतो, आतली काच अवरक्त प्रकाश अडवते, आणि या दोन पहाऱ्यांमधून जे थोडेफार झिरपते त्यावर छायाचित्र काढावे लागते. भर दुपारच्या उन्हात, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) २०० आणि एफ/८ (लेन्सच्या छिद्राचे माप) वर, माझ्या कॅमेऱ्याला फिल्टरमधून साधारण २० सेकंद लागत. बदललेल्या कॅमेऱ्यातून ही आतली काच काढून टाकलेली असते, म्हणून त्याला त्याच उन्हात १/२५० सेकंद पुरतो. हा फरक ५,००० पटींचा आहे, आणि पुढच्या जवळपास सगळ्या अडचणी व सोयी त्यातूनच निघतात. आपल्या कॅमेऱ्यातील काच किती कडक आहे हे पाहायचे असेल, तर टीव्हीचा रिमोट लेन्ससमोर धरून बटण दाबावे. कॅमेऱ्याच्या पडद्यावर रिमोटच्या दिव्याचा ठिपका ठळक दिसला तर फिल्टरने निभावण्याची आशा आहे. काहीच दिसले नाही तर फिल्टरसाठी पैसे घालण्यापूर्वी दोनदा विचार करावा.

२० सेकंद म्हणजे काय, हे जून उजाडताच कळते. मृगाच्या आधी खानदेशावर तुटक ढग सरकू लागतात आणि चर्चच्या दर्शनी भिंतीवरचे ऊन मिनिटात तीनदा येते-जाते. शटर उघडताना कडक ऊन असते, मिटेपर्यंत मळभ आलेले असते. मग हाती येणारे चित्र धड उन्हाचेही नसते आणि सावलीचेही नसते. त्यात अवरक्तात पांढरी दिसणारी कडुनिंबाची पाने वाऱ्यावर हलत असल्यामुळे झाडाच्या जागी पांढरा धूर दिसतो. काहींना हा धूर आवडतो. मला स्वतःला एखाद्याच चित्रात तो शोभलेला दिसला. भर उन्हाळ्यात आणखी एक त्रास आहे. सेन्सर तापला की त्याचा आतला गोंगाट (नॉइज), म्हणजे चित्रात उमटणारे नकली ठिपके, वाढतो, साधारण दर ६ ते ८ अंशांमागे दुपटीने. आणि तो निपटण्यासाठी कॅमेऱ्यातील सोय चालू ठेवली की प्रत्येक चित्रामागे तेवढ्याच वेळाचे एक काळे चित्र कॅमेरा स्वतःहून घेतो. त्यामुळे २० सेकंदांचे काम ४० सेकंदांचे होते, आणि तोवर ढग कुठल्या कुठे गेलेला असतो.

बदलत्या प्रकाशात अवरक्त चित्र नेमके कसे बदलते, हे लक्षात आले की निर्णय सोपा होतो. निरभ्र दिवशी निळे आकाश अवरक्तात गडद होते, कारण हवेचे रेणू लांब तरंगांना फारच कमी विखुरतात. सावलीला जो उजेड मिळतो तो मुख्यतः आकाशाकडूनच मिळत असल्यामुळे सावल्याही डोळ्याला दिसतात त्याहून कितीतरी काळ्या येतात. परंपरेने चर्चची वेदी पूर्वेला असते आणि दर्शनी दार पश्चिमेला. आमच्या या चर्चचेही तसेच आहे. सकाळी ८ वाजता दर्शनी भिंत डोळ्याला छान मऊ उजेडात दिसते, पण अवरक्तात तीच भिंत डांबर फासल्यासारखी काळी येते आणि मागचे झाड बर्फासारखे पेटते. तोच दगड संध्याकाळी ५ च्या तिरप्या उन्हात छिन्नीच्या खुणांसह उठून दिसतो. ढगाळ दिवशी उलट होते: ढगातील पाण्याचे थेंब सगळ्या तरंगांना सारखेच विखुरतात, त्यामुळे सावल्या भरून निघतात, आकाश राखी होते आणि चित्रातला जोर कमी होतो.

एकाच चर्चची सकाळ, दुपार, ढग आणि संध्याकाळ अशी मालिका करायची असेल, तर बदललेला कॅमेराच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातून पडद्यावर अवरक्त दृश्यच दिसते, उजेडाचे मोजमाप सेन्सरवर येणाऱ्या प्रकाशाचेच होते आणि ढगाआडून ऊन दोन सेकंद डोकावले तरी ते टिपता येते. फिल्टरच्या मार्गात, फिल्टर चढला की समोरचे नीट दिसत नसल्यामुळे, चौकट आधी ठरवायची, फोकस लावून तो मॅन्युअलवर कुलूपबंद करायचा, मग फिल्टर चढवायचा, असा क्रम असतो. आणि अवरक्त प्रकाशाचा फोकस दृश्य प्रकाशाहून थोडा वेगळा पडत असल्यामुळे एवढे करूनही मनोऱ्याची कड कधी कधी मऊ येते. संध्याकाळी तर हा क्रम पार कोलमडतो. सूर्य खाली गेला की दृश्य प्रकाशाच्या तुलनेत अवरक्ताचा वाटा वाढतो, म्हणून दुपारी बसवलेला हिशेब चुकतो आणि दर २० सेकंदांनी नव्याने अंदाज बांधावा लागतो.

तरीही फिल्टरला सरसकट नाकारणे योग्य नाही. दिवाळीनंतर, हवा धुऊन निघालेली असताना, वारा पडलेल्या निरभ्र दुपारी, मजबूत ट्रायपॉडवर फक्त इमारत टिपायची असेल, तर त्यातून मिळालेले चित्र बदललेल्या कॅमेऱ्याच्या चित्राशेजारी ठेवायला लाज वाटत नाही. अंगणातली माणसे २० सेकंदांत पुसली जातात, हा फायदाच म्हणायचा. खर्चही कॅमेऱ्याच्या मानाने किरकोळ, आणि हौस फिटली नाही तर फिल्टर डब्यात ठेवून कॅमेरा पुन्हा लग्नकार्याला वापरता येतो. बदललेल्या कॅमेऱ्याचे तसे नाही. त्याची हमी संपते आणि नेहमीच्या रंगांसाठी तो निकामी होतो. काम करणाऱ्याचा हात साफ नसेल, तर माझ्यासारखे होते: नव्या काचेखाली धुळीचा एक कण राहून गेला होता. काळ्या आकाशात तो लपतो, पण चुन्याच्या पांढऱ्या पट्टीवर आला की दर वेळी पुसत बसावे लागते.

दोन्ही मार्गांना सारखी लागू पडणारी एक गोष्ट म्हणजे लेन्स. काही लेन्सच्या आतल्या लेपांमुळे चौकटीच्या मध्यभागी फिकट गोल डाग येतो, आणि छिद्र जितके लहान करावे तितका तो ठळक होतो. म्हणून एफ/१६ चा मोह टाळून एफ/८ वर थांबावे.

चर्चच्या आत चित्रे काढायची असतील, तर फिल्टरचा विचार सोडूनच द्यावा. एलईडी दिव्यांतून अवरक्त प्रकाश जवळजवळ निघतच नाही, त्यामुळे लख्ख उजळलेला सभामंडपही अंधारा येतो. मेणबत्त्या मात्र डोळ्याला दिसतात त्याहून मोठ्या तेजाने जळतात. खिडक्यांच्या रंगीत काचा फसवतात. कोबाल्टची गडद निळी काच अवरक्ताला बऱ्यापैकी वाट देते, म्हणून ती चित्रात फिकी, जवळपास साधी वाटते. रखवालदाराला मी पडद्यावर ते दाखवले तेव्हा तो म्हणाला, “भाऊ, ही तर आमची खिडकीच नाही.”

बदलायचेच ठरले, तर आरसा असलेल्या कॅमेऱ्यापेक्षा मिररलेस निवडावा, कारण त्याचा फोकस सेन्सरवरच ठरतो आणि लेन्स बदलली तरी चुकत नाही. काच ७२० ची कायम बसवावी की सर्व तरंग येऊ देणारी साधी बसवून वर हवा तो फिल्टर लावावा, याबाबत मी दुसऱ्या पर्यायाच्या बाजूचा आहे. बदललेल्या मिररलेसमध्ये फिल्टर चढवूनही पडद्यावर दृश्य दिसत राहते, आणि ज्या फिल्टरपासून सुरुवात केली तोच आर-७२ पुन्हा कामाला येतो.