आठ महिने एनबीएफसी वापरल्यावर: पंख्याचा चढउतार थांबला

लॅपटॉपचा पंखा मोठा आवाज करतो ही माझी तक्रार कधीच नव्हती. व्हिडिओ रेंडर होताना तो घोंघावणारच. त्रास व्हायचा तो नुसतं लिहीत बसल्यावर. ब्राउझरमध्ये टॅब उघडला की घुर्र, दहा सेकंदांत शांत, पुढचा टॅब, पुन्हा घुर्र. सलग आवाजाला कान सरावतात, या चढउताराला सरावत नाहीत.

म्हणून लिनक्सवर एनबीएफसी बसवलं, म्हणजे नोटबुक फॅनकंट्रोल, लॅपटॉपच्या पंख्याचा वेग आपल्या हाती देणारा प्रोग्रॅम. मूळ प्रोग्रॅम सी-शार्प भाषेत लिहिलेला, त्यामुळे लिनक्सवर त्याच्यासोबत मोनो हे सी-शार्पचे प्रोग्रॅम चालवणारं सॉफ्टवेअरही टाकावं लागायचं. मी वापरतो ती एनबीएफसी-लिनक्स ही सी भाषेत नव्याने लिहिलेली आवृत्ती. ती इतकी हलकी आहे, की चालू आहे हेही विसरायला होतं.

पंख्याचा वेग ठरवते ती एम्बेडेड कंट्रोलर नावाची छोटी चिप. एनबीएफसी दर थोड्या सेकंदांनी तापमान वाचतं आणि या चिपच्या ठरावीक रजिस्टरमध्ये, म्हणजे आकडा ठेवायच्या जागेत, वेगाचा आकडा लिहितं. रजिस्टर कोणतं हे मॉडेलगणिक बदलतं. काही मशीनवर तर हिशेब उलटा असतो, लहान आकडा म्हणजे जास्त वेग! हे सगळं कॉन्फिग फाइलमध्ये, म्हणजे सेटिंगच्या फाइलमध्ये असतं. त्यामुळे आपल्याच मॉडेलची फाइल मिळाली तर पुढे जा. मिळतंजुळतं नाव बघून दुसरी चढवू नका, अशी माझी कळकळीची विनंती.

तयार फाइलने आवाज उतरला, घुर्र मात्र राहिलीच. दोन आठवडे मी वेगाचे टक्के बदलत बसलो आणि चुकत राहिलो. खरी गोम वेगळीच होती. वेगाच्या प्रत्येक पायरीला दोन तापमानं द्यावी लागतात: किती अंशांना ती लागू व्हावी आणि किती अंशांना सुटावी. माझ्या फाइलमध्ये दोन्हींत जेमतेम 3 अंशांचं अंतर होतं. टॅब उघडताना प्रोसेसर क्षणात 15 अंश चढतो आणि तसाच उतरतो, म्हणजे पंखा दर वेळी दोन्ही रेषा ओलांडणारच. मी 62 ला चढायचं आणि 50 ला उतरायचं असं केलं. आता तो एकदा लागला की मंद वेगात बराच वेळ फिरतो, आणि त्याच्याकडे लक्षही जात नाही. वेग 20 टक्क्यांनी उतरवला तर हवा तेवढीच कमी होते, आवाज मात्र साधारण 5 डेसिबलने घटतो; हा व्यवहार मला फार फायद्याचा वाटतो.

पंखा पूर्ण बंद ठेवायचा मोह मी टाळला. माझ्या मशीनवर एनबीएफसी प्रोसेसरचं तापमान बघतं, शेजारच्या एसएसडीला आणि बॅटरीला बसणारी धग त्याला कळत नाही. सगळ्यांत खालची पायरी 25 टक्के ठेवली आहे. क्रिटिकल तापमान 85. त्यापुढे पंखा थेट पूर्ण वेगात जातो.

एक उणीव जाणवली. लॅपटॉप सस्पेंडमधून उठला की कधीकधी कंट्रोलर आपल्या मूळ वळणावर जातो. सर्व्हिस रीस्टार्ट केली की ताळ्यावर येतो. ते काम मी सिस्टमडीकडे, म्हणजे लिनक्सवरच्या सर्व्हिस सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे सोपवलं आहे.

पाचव्या महिन्यात एका मोठ्या बिल्डला (कोडपासून प्रोग्रॅम तयार करताना) पंखा पूर्ण वेगात असूनही पारा 91 वर गेला. तासभर कॉन्फिग तपासली, काही सापडेना. शेवटी मागचं झाकण उघडलं तर हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाच्या, पात्यांवर धुळीचा जाड थर बसला होता. तो काढल्यावर तीच बिल्ड, तीच फाइल, 79 अंश.