चौदा महिने बीपी (बुलेटप्रूफ) जॅकेट: प्लेटा शाबूत, वेल्क्रो खलास

मागे एका रात्रीच्या सरावात भिंतीवरून उडी मारली आणि जॅकेट अंगावरच उघडलं. शिवण उसवली नाही, बक्कल तुटलं नाही. पोटावरची झडप सुटली, कमरपट्ट्याची दोन्ही टोकं दोन बाजूंना लोंबायला लागली आणि मी पुढे वाकल्याबरोबर समोरची प्लेट गोळ्यांनी भरलेल्या मॅगझिनांसकट झोका घेऊन हनुवटीवर आली. ओठ फुटला. रायफलची गोळी अडवायला केलेली वस्तू, आणि तिला हरवलं कोणी, तर चार बोटं रुंदीच्या वेल्क्रोने.

चौदा महिने हे जॅकेट वापरतोय. आत गोळी अडवणाऱ्या धाग्याचं मऊ पॅनल, पुढेमागे कडक प्लेटा, बाजूंना दोन छोट्या. कुठली लेव्हल, कुठली गोळी, ती चर्चा इथे करत नाही. ज्यांना ती पाठ आहे त्यांच्यासाठीच लिहितोय. सहा महिने झाल्यावर वहीत मी एक ओळ लिहिली होती: 'वजन सोडलं तर तक्रार नाही.' ती ओळ आता खोडतो. वजनाच्या तक्रारीत निम्मी चूक माझी निघाली, आणि वेल्क्रोकडे तर तेव्हा माझं लक्षच नव्हतं.

आधी वजनाचं उरकतो. स्टोअरच्या काट्याला टांगलं तेव्हा नुसतं जॅकेट प्लेटांसकट ११ किलो ४०० ग्रॅम भरलं. पहिल्या तासाला ते जाणवतही नाही, उलट रुबाब वाटतो. चौथ्या तासाला खांद्याचं हाड नेमकं कुठे आहे ते कळतं. आठव्या तासाला माणूस दिसेल त्या भिंतीला, झाडाला, गाडीच्या टपाला पाठ लावायला लागतो, कारण पाठीची प्लेट कशावर तरी टेकली की खांदे घटकाभर मोकळे होतात. आमच्यात कोण किती थकलाय हे त्याचं तोंड बघून नाही, तो कशाला टेकलाय ते बघून ओळखतात.

महिनाभर जॅकेटला शिव्या घातल्या. मग एका सुटीच्या दिवशी त्यावरची एकेक वस्तू काढून काट्यावर ठेवली. ३० गोळ्यांनी भरलेलं एक मॅगझिन साधारण अर्धा किलो, आणि मी आठ लावली होती. पाणी तीन लिटर. वायरलेस आणि त्याच्या जादा बॅटऱ्या. दोन टॉर्च. रक्त थांबवायचा पट्टा आणि ड्रेसिंग, ते हवंच. आणि सगळ्यात मागच्या कप्प्यात एक कुलूप, ज्याची किल्ली कुठे आहे ते मला माहीत नाही. ते कुलूप मी किती किलोमीटर वाहिलं असेल याचा हिशोब केला नाही, राग आला असता. रायफल आणि हेल्मेट धरलं तर वरचं ओझं जॅकेटपेक्षा जास्त भरलं. छातीवर सामान अडकवायच्या त्या आडव्या पट्ट्यांच्या ओळी शिवलेल्या असतात ना, त्यातली एक जरी रिकामी दिसली तरी हात शिवशिवतो. यात जॅकेटचा काय दोष?

हे एकट्या माझं नाही म्हणा. २००३ साली अफगाणिस्तानात अमेरिकन सैन्याने आपल्याच पायदळाच्या अंगावरचं ओझं प्रत्यक्ष तोलून पाहिलं होतं. लढायच्या तयारीत सरासरी जवळजवळ २९ किलो, ठाण्यापासून चालत जाताना ४६, आणि सगळंच पाठीवर घेऊन निघायची वेळ आली तर ६०. त्यांच्याच नियमपुस्तकात लढाईसाठी २२ आणि कूच करताना ३३ किलो एवढीच शिफारस होती. पुस्तक लिहिणारा वेगळा आणि ओझं वाहणारा वेगळा, दुसरं काय.

मी मॅगझिनं सहावर आणली, एक टॉर्च काढला, कुलूप फेकलं. फरक पडला. पण खांद्यावरचे पट्टे अरुंद आहेत हे खरंच, आणि त्यांच्यावरून पाठपिशवीचे पट्टे आले की डावा हात कोपरापर्यंत बधिर होतो. डॉक्टरांनी सांगितलं, खांद्याजवळची नस दाबली जातेय. ओझं वाहणाऱ्या शिपायांचं हे जुनंच दुखणं. उपाय? पिशवीचा कमरपट्टा घट्ट करून भार कमरेवर घे. पण कमरेवर आधीच जॅकेटचा पट्टा बसलेला. दोन पट्टे, कंबर एकच.

प्लेटच्या जागेबद्दल एक सांगून ठेवतो, कारण इथे नव्या मुलांची हटकून चूक होते आणि माझीही झाली. सुरुवातीचे तीन महिने माझी पुढची प्लेट पोटावर लोंबत होती. तशी बरी वाटते, गळ्याला टोचत नाही. उस्तादांनी, म्हणजे आम्हाला शिकवणाऱ्यांनी, एकदा कॉलरला धरून उभं केलं आणि म्हणाले, "जेवण वाचवतोयस की जीव?" प्लेटची वरची कड गळ्याखालच्या खळग्याशी यायला हवी. ती हृदय आणि मोठ्या रक्तवाहिन्यांसाठी आहे, पोटासाठी नाही. पट्टे आखडून ती वर घेतली आणि एक जादा फायदा झाला: गाडीत बसताना खालची कड मांडीत रुतायची ती थांबली. तोटा असा की रायफलचा दस्ता टेकवायला खांद्यावर जागाच उरली नाही. तो प्लेटच्या कडेवरून सारखा घसरतो. पालथं पडलं की जॅकेटची मागची बाजू वर सरकून हेल्मेटला ढकलते, हेल्मेट भुवयांवर येतं आणि समोर बघायला मान मोडून घ्यावी लागते. एका सहकारिणीचं धड आखूड आहे. ती बसली की प्लेटची खालची कड थेट कमरेच्या हाडावर येते आणि वरची हनुवटीखाली. तिच्यापुढे माझ्या तक्रारी म्हणजे लाड.

उकाड्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्याने घातलंय त्याला कळतं. अमेरिकन सैन्याच्या उष्णतेच्या कोष्टकात दमट हवेत जॅकेट घातलेलं असेल तर तापमानाच्या निर्देशांकात ५ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ३ अंश सेल्सिअस, आणखी मिळवायला सांगितलेत. आतून मात्र तीन अंश वाटत नाहीत. घाम येतो पण सुकायला वाव नाही, तो नुसता खाली ओघळतो. पाठीच्या प्लेटच्या आकाराचं, अगदी चारी कोपरे ओळखू येतील असं घामोळं मला उठलं होतं.

वास घालवायला म्हणून कोणी मऊ पॅनल भिजवू नका, ही एक विनंती. पॅनल बाहेर काढा, नुसतं कव्हर धुवा, सावलीत वाळवा. पॅनलचं सीलबंद आवरण फाटलं असेल तर ते स्टोअरला दाखवा, चिकटपट्टी लावत बसू नका. झायलॉन या पॅनलच्या धाग्याचं काय झालं ते आठवा: २००३ साली अमेरिकेत एका पोलिसाच्या जॅकेटमधून, जी अडायलाच हवी होती ती पिस्तुलाची गोळी आरपार गेली. पुढे तपासात दमटपणाने तो धागा कमकुवत होतो असं निघालं आणि २००५ मध्ये त्या जॅकेटांची मान्यता गेली. वरून सगळी नवीकोरी दिसत होती.

बाजूच्या प्लेटांबद्दल माझं मत दोनदा बदललं. आधी त्या काढूनच टाकल्या होत्या. प्रत्येकी किलोभर, हात खाली सोडू देत नाहीत, धावताना बरगड्यांना घासतात. मग वाचनात आलं की इराकमध्ये २००३ ते २००५ या काळात छाती-पोटाच्या जखमांनी मेलेल्या ९३ अमेरिकन मरीनच्या नोंदी त्यांच्या लष्करी डॉक्टरांनी तपासल्या होत्या, आणि त्यातले ८० टक्क्यांपर्यंत लोक जादा कवच असतं तर कदाचित वाचले असते असा निष्कर्ष निघाला होता. गोळ्या प्लेटच्या बाहेर, बाजूने आणि खांद्यापाशी लागलेल्या. त्याच दिवशी प्लेटा परत घातल्या. गंमत अशी की बाजूच्या प्लेटा तिकडे अंगावर चढल्या आणि मग २००९ साली अफगाणिस्तानच्या डोंगरांत त्याच सैन्याला सुटसुटीत, कमी झाकणारं कवच द्यावं लागलं, कारण जड कवच घालून चढ चढवेना. म्हणजे या प्रश्नाचं उत्तर कोणाकडेच नाही. मी घालतो. शिव्या घालत घालतो.

आणि इथेच वेल्क्रो येतं. बाजूच्या प्लेटा बसतात कमरपट्ट्यात. कमरपट्टा धरून असतो पोटावरच्या झडपेखाली, निव्वळ वेल्क्रोने. म्हणजे दोन किलो वजन दिवसभर, प्रत्येक पावलाला, ज्याला खाली खेचतंय ती गोष्ट म्हणजे ती मऊ-खरखरीत पट्टी.

वेल्क्रो वाईट नाही. आडवं ओढलं तर माणूस लोंबला तरी धरून ठेवेल. पण कडेने सोललं की लहान पोरसुद्धा सोडवतं, आणि पालथं सरपटताना जमीन झडपेला नेमकी कडेनेच सोलते. स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्त्राल यांना ही कल्पना कुत्र्याच्या केसांत अडकलेल्या काटेरी बोंडांवरून सुचली, पेटंट १९५५ चं. गवतातल्या बोंडाकडून शिकलेली वस्तू गवतातच निकामी होते. बारीक आकड्यांच्या (हुकांच्या) खरखरीत बाजूत कुसळं, धूळ, मोज्यांचे धागे, माझेच केस असं सगळं भरतं. ते जुन्या टूथब्रशने आणि सुईने साफ होतं, मी दर आठवड्याला करतो. मऊ बाजूचं तसं नाही. आकडे ज्यांत अडकतात ते तिचे फासे एकदा पिंजले की ती मेली. माझी दहाव्या महिन्यात मेली, आणि मी मात्र आकडेच घासत बसलो होतो.

आवाजाचं तर विचारूच नका. रात्री चार तास हालचाल न करता पडून राहिल्यावर लघवीला जायचं म्हणून पट्टा सैल केला. चर्रर्र. सगळी झाडी जागी झाली असेल. उस्ताद काही बोलले नाहीत, नुसते बघत राहिले. तेव्हापासून तहान लागली तरी रात्री मी घोटभरच पाणी पितो, आणि हे उकाड्यासाठी किती चुकीचं आहे ते मला माहीत आहे.

प्लेटची परीक्षा होते. मातीच्या ठोकळ्यावर कवच ठेवून गोळी मारतात, अमेरिकन मानकात मागे साधारण ४४ मिलिमीटरपेक्षा खोल खड्डा पडला तर नापास. वापरातल्या प्लेटांना तडा गेलाय का ते क्ष-किरणांनी बघतात. हे सगळं योग्यच. पण झडप पाच हजार वेळा उघडून, वाळूत घोळून, मग भिंतीवरून उडी मारून कोणी पाहिलं का?

जॅकेट झटक्यात सोडवायची दोरी मी एकदाच ओढली, कुतूहलापोटी. सगळं जॅकेट तुकडे होऊन पायाशी पडलं आणि परत जोडायला पाऊण तास लागला. पाण्यात पडलेल्याचा आणि जखमीचा जीव वाचवणारी गोष्ट आहे, तिला नावं ठेवत नाही. ठरवून सुटते, हेच तिचं कौतुक.

ओठ फुटल्याच्या दुसऱ्या दिवशी स्टोअरच्या उस्तादांकडे गेलो.

"उस्ताद, ही झडप बदलून द्या."

"झडप हा वेगळा नग नाही."

"मग जॅकेट बदला."

"प्लेट फुटलीय?"

"नाही."

"पॅनल फाटलंय?"

"नाही. पण झडप धरत नाही."

"म्हणजे जॅकेट चांगलं आहे."

"आणि माझा ओठ?"

"ओठ स्टोअरचा नाही."

वर अर्ज दिला. उत्तर आलं की निकामी ठरवायला पूर्ण जॅकेट जमा करा, तपासणी होईपर्यंत दुसरं मिळेलच असं नाही. म्हणजे ढिलं जॅकेट किंवा बिनजॅकेट.

शेवटी स्वतःच बसलो. टाकाऊ झालेल्या पिशवीच्या झाकणाची मऊ पट्टी ब्लेडने अलगद सोडवली, वापरलीच न गेल्यासारखी होती. पॅनल आणि प्लेटा बाहेर काढल्या, मेलेली पट्टी उसवली, नवी शिवली, दातांत घालायच्या मेणाच्या दोऱ्याने. त्या दोऱ्यासारखा दोरा नाही. घामाने सडत नाही, घासून तुटत नाही. तीन संध्याकाळी गेल्या, अंगठ्याची चाळण झाली, खर्च शून्य. त्याच पिशवीचं बक्कल आणि पट्टा झडपेवरून आडवा घेतला, म्हणजे वेल्क्रोने दगा दिला तरी कमरपट्टा जागचा हलणार नाही. पट्ट्याचं लोंबतं टोक सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापलेल्या कड्यात खोचलं. सुटायच्या दोरीच्या वाटेत काहीही आलेलं नाही, हे दोनदा तपासलं. कोणी नक्कल करणार असाल तर ते आधी बघा, शिवण नंतर.

नियमात बसतं का? नाही. तीन आठवडे झाले, दोन सराव झाले, एकदा त्याच भिंतीवरून उडी मारली. धरून आहे. रात्री आता बक्कल दाबतो, आवाज टिचकीएवढा.

काल स्टोअरवाले उस्ताद स्वतः आले. झडप तीनदा उघडून लावून पाहिली, टाके नखाने खरवडून पाहिले, बक्कल दाबलं, सोडलं. मग वही काढून म्हणाले, "जमा करताना हा पट्टा काढून द्यायचा. नगात नाही."