‘एक लाख लुमेन’ छापलेल्या टॉर्चचा अनुभव

दिवाळीच्या तोंडावर ठाणे आणि नवी मुंबईत घरगुती वस्तूंची जी विक्री-प्रदर्शने भरतात, त्यांपैकी वाशीतल्या एका प्रदर्शनातून काकांना भेट देण्यासाठी मी टॉर्च घेतला आणि त्या व्यवहारात माझी सरळसरळ फसवणूक झाली. रक्कम १,४९९ रुपये, म्हणजे फार मोठी नव्हे; परंतु टॉर्चसोबत दिलेला सेल घरात आग लावू शकेल अशा प्रतीचा निघाला, आणि तसाच माल असंख्य टेबलांवर विकायला असतो, म्हणून हा प्रकार सविस्तर लिहीत आहे.

काका ऐरोलीला राहतात आणि त्यांच्या सोसायटीचे सचिव आहेत. रात्री पंप बंद पडला, गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट अडकला किंवा लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबली, की पहिला फोन त्यांनाच येतो. त्यांच्याकडे आधीपासून एक चांगला टॉर्च आहे. त्याचा उजेड पसरट असल्यामुळे पंपाच्या खोलीत काम करायला तो उत्तम आहे, मात्र गच्चीवरून समोरच्या विंगवरची पाइपलाइन पाहायची म्हटले की तो कमी पडतो. म्हणून दुसरा टॉर्च लांब झोत टाकणारा हवा होता, आणि तो पहिल्याच्याच सेलवर, म्हणजे १८६५० या मापाच्या लिथियम सेलवर चालावा, अशी माझी अट होती. या आकड्याचा अर्थ साधा आहे: सेलचा व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर आणि शेवटचा शून्य तो नळीच्या आकाराचा असल्याचे दाखवतो. घरात दोन टॉर्च झाले की दोन्हींचे सेल आणि चार्जर एकच असणे फार सोयीचे पडते. एकाचा सेल उतरला तर दुसऱ्याचा काढून घालता येतो आणि वयस्कर माणसाला कोणता सेल कशाचा, हे लक्षात ठेवावे लागत नाही. दुसरा टॉर्च निवडताना ही गोष्ट उजेडाच्याही आधी पाहावी, असे माझे मत आहे.

प्रदर्शनातल्या दुकानदाराने टेबलावर ठेवलेला नमुन्याचा टॉर्च लावून सभागृहाच्या छतावरच्या लोखंडी कैच्यांवर झोत टाकून दाखवला आणि तो खरोखर चांगला होता. ‘‘मॅडम, एक लाख लुमेन आहे, मिलिटरीचा माल आहे,’’ असे तो प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत होता; लुमेन म्हणजे टॉर्चमधून बाहेर पडणाऱ्या एकूण उजेडाचे माप. (मिलिटरीचा माल वाशीत टेबलावर सवलतीत कसा मिळतो, हे त्याला कुणी विचारत नव्हते.) खोक्यावर १,००,००० लुमेन, झोत ३ किलोमीटर, सेल ९८०० एमएएच (सेलमध्ये किती वीज साठते त्याचे माप) आणि किंमत ४,९९९ रुपये असे छापलेले होते, त्या किमतीवर काट मारून १,४९९ ही ‘प्रदर्शन किंमत’ लिहिली होती. मला मात्र नमुन्याचा टॉर्च न देता टेबलाखालच्या पेटीतले सीलबंद खोके देण्यात आले. ते उघडून, सेल घालून दाखवा, असे मी म्हटल्यावर ‘‘सील तुटलं की गॅरंटी जाते,’’ असे उत्तर मिळाले. सगळी फसवणूक या एका वाक्यावर उभी होती, कारण टेबलावरच्या टॉर्चमध्ये असलेला सेल आणि खोक्यातला सेल यांचा एकमेकांशी काहीही संबंध नव्हता.

पाडव्याला टॉर्च काकांच्या हातात दिला तेव्हा ते म्हणाले, ‘‘छान आहे गं, वजनालाही हलका आहे.’’ त्या हलकेपणाचे कारण काही दिवसांनी कळले. त्यांचा फोन आला, की टॉर्च लावल्यावर थोड्याच मिनिटांत मंद होतो आणि चार्जिंगला लावला की सेल हातात धरवत नाही इतका तापतो. काकांनी स्वतःच एक शहाणपणाची गोष्ट केली होती: जुन्या टॉर्चमधला सेल नव्यात आणि नव्यातला जुन्यात घालून पाहिला होता. जुना टॉर्च नव्या सेलवर तसाच मंदावला, आणि नवा टॉर्च जुन्या सेलवर बराच वेळ चालला. दोन टॉर्च एकाच मापाच्या सेलवर चालत असल्याचा हाही एक फायदा, की दोष सेलमध्ये आहे की टॉर्चमध्ये, हे घरबसल्या कळते. अर्थात चांगल्या सेलवरही नव्याचा एकूण उजेड जुन्यापेक्षा जास्त नव्हता. पुढची काच सरकवून झोत बारीक केला की भिंतीवर पिवळसर कडांचा एक चौकोन दिसत असे आणि त्यात एलईडीच्या आतल्या रेषासुद्धा मोजता येत. स्वस्त भिंगातून एलईडीचीच प्रतिमा भिंतीवर पडते, ती ही. शिवाय अशा सरकत्या तोंडाच्या टॉर्चमध्ये पाणी सहज शिरते, आणि ज्या माणसाला टाकीवर वाकून पाहायचे आहे त्याच्या दृष्टीने हा दोष लहान नाही.

ठाण्यात नौपाड्यात आमच्या ओळखीचे एक गृहस्थ इलेक्ट्रॉनिक वस्तू दुरुस्त करतात. त्यांच्याकडे नवा टॉर्च आणि दोन्ही सेल नेले. त्यांनी आधी काहीही न बोलता लहान वजनकाटा काढला. काकांचा जुना सेल ४६ ग्रॅम भरला, खोक्यातला नवा ३१ ग्रॅम. अस्सल १८६५० सेलचे वजन साधारण ४५ ते ५० ग्रॅमच्या दरम्यान असते. वजन त्याहून फारच कमी भरले तर आत जे असायला हवे ते नाही, हे सांगायला दुसऱ्या उपकरणाची गरज उरत नाही. तरीही त्यांनी क्षमता मोजणाऱ्या चार्जरवर तो पूर्ण भरून पूर्ण उतरवला. ९८०० छापलेल्या सेलची नोंद ७०० एमएएचच्या आसपास आली. या मापाच्या उत्तमातल्या उत्तम सेलची क्षमता ३,५०० एमएएचच्या आसपास, फार तर थोडी जास्त असते. त्यामुळे १८६५० सेलवर ६८००, ९८०० असे आकडे दिसले की तो सेल मोजायच्या आधीच खोटा ठरतो.

यापुढचे मोजमाप मात्र मला अधिक गंभीर वाटले. टॉर्चच्याच चार्जिंगच्या भोकातून सेल भरून त्यांनी मल्टिमीटर लावला, तेव्हा त्यावर ४.३८ व्होल्ट दिसले. असा सेल ४.२ व्होल्टला पूर्ण भरला असे समजून चार्जिंग आपोआप थांबायला हवे. येथे ते थांबवणारे काही नव्हतेच, किंवा असले तरी काम करत नव्हते. लिथियम सेल मर्यादेपलीकडे भरत राहिला तर तो तापतो, फुगतो आणि पेटूही शकतो. काका तो झोपण्यापूर्वी चार्जिंगला लावत होते. कुतूहलापोटी आतले पाहू या का, असे मी विचारले तेव्हा त्या गृहस्थांनी सेल कापायला ठाम नकार दिला, आणि ते योग्यच होते.

छापलेल्या आकड्यांचा हिशेब नंतर मी घरी करून पाहिला. टॉर्चमधले चांगले पांढरे एलईडी एका वॅटमागे १०० ते १५० लुमेन देतात. १५० धरले तरी एक लाख लुमेनसाठी सुमारे ६६७ वॅट लागतील, म्हणजे मुठीत मावणाऱ्या नळीत स्वयंपाकघरातल्या मिक्सरएवढी वीज खेळवावी लागेल. ३.६ व्होल्ट आणि ३,४०० एमएएचच्या अस्सल सेलमध्ये जेमतेम १२ वॅट-तास ऊर्जा असते. ती ६६७ वॅटने वापरली तर मिनिटभरात संपेल, आणि मुळात एवढा प्रवाह तो एकटा सेल देऊच शकत नाही. तीन किलोमीटरचेही तसेच. टॉर्चच्या झोताचे अंतर मोजण्याची अमेरिकी एफएल-१ मानकाची पद्धत ठरलेली आहे: ज्या अंतरावर उजेड पाव लक्स, म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका उरतो, ते अंतर. त्या हिशेबाने २०० मीटरसाठी १०,००० कँडेला (झोताच्या तीव्रतेचे माप) पुरतात, पण तीन किलोमीटरसाठी साडेबावीस लाख कँडेला लागतील. लांबचे पाहायचे असेल तर लुमेनपेक्षा कँडेलाचा आकडा विचारावा. विक्रेत्याला तो सांगता आला नाही, तर त्याला मालाची माहिती नाही असे समजायला हरकत नाही.

खोके पुन्हा नीट पाहिले, तर त्यावर आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क यांपैकी काहीही नव्हते. वेष्टित वस्तूंवर ही माहिती असणे वैधमापनशास्त्राच्या २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. लिथियम सेलसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणीही सक्तीची आहे. आयएस १६०४६ हे त्याचे मानक असून नोंदणी क्रमांक ‘आर-’ ने सुरू होतो. ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो क्रमांक टाकला की नोंदणी कुणाची आहे ते तिथल्या तिथे दिसते. माझ्या सेलवर क्रमांकच नव्हता, त्यामुळे टाकण्यासारखे काही नव्हते.

टॉर्च परत करायला गेले तेव्हा प्रदर्शन उठले होते. हातात होती ती शिक्का मारलेली चिठ्ठी, तिच्यावर जीएसटी क्रमांक नाही, पत्ता नाही, आणि खाली ठळक अक्षरांत ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’. या वाक्याला लोक उगीच घाबरतात. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणे ही अनुचित व्यापार प्रथा मानली आहे, आणि सदोष माल बिलात सांगितलेल्या मुदतीत, तशी मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे न देणे हीदेखील. आयोजकांनी आधी ‘आम्ही फक्त जागा भाड्याने देतो’ असे सांगून हात झटकले. माझ्याकडे पैसे पाठवल्याच्या पडद्याचे छायाचित्र होते, आणि त्यावर दुकानाच्या फलकावरच्या नावाऐवजी एका खाजगी व्यक्तीचे नाव होते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक आयोजकांना लेखी कळवल्यानंतर त्यांनी त्या व्यक्तीशी संपर्क साधून दिला. त्याने ‘बदली माल’ देऊ केला, म्हणजे तसलाच आणखी एक सेल. मी पैसेच मागितले आहेत. प्रकरण तेथे मिटले नाही, तर ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जायचे ठरवले आहे. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, आणि विक्रेता कुठलाही असला तरी ग्राहक आपण राहतो तेथील आयोगात तक्रार करू शकतो.

तोपर्यंत काकांसाठी दुसरा टॉर्च घेतला आहे. या वेळी दुकानदाराने खोके आमच्यासमोर उघडले आणि आतला सेल काट्यावर ठेवू दिला. खोक्यावर ९०० लुमेन, १६,००० कँडेला आणि २५० मीटर असे आकडे आहेत, आणि ते एकमेकांशी जुळतात. प्रदर्शनातल्या खोक्यातला तो खोटा सेल टोकांना चिकटपट्टी लावून, सुट्या धातूच्या वस्तूंपासून दूर वेगळा ठेवला आहे. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत तो पुरावा आहे. त्यानंतर तो ओल्या-सुक्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्यायचा आहे.